यंत्राचा ताप

आमच्या तोंडवलीत प्रकृतीची चौकशी करायची पद्धत आहे, प्रकृती सांगायची नाही. वाटेत भेटलेल्याला 'कसो आसंस?' म्हणून विचारायचं आणि त्यानं 'बरां आसा' म्हणायचं. मग दोघांनी आपापल्या वाटेनं जायचं. तो माणूस आदल्या रात्री पहाटेपर्यंत खोकला असेल, गुडघ्याला तेल चोळून चोळून कंटाळला असेल, मुंबईच्या मुलाचा महिनाभर फोन आला नसेल, तरी 'बरां आसा'. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मधल्या वाळूवर माडांच्या आधारानं पिढ्यान् पिढ्या उभी राहिलेली ही माणसं. ती एकदा 'बरां नाय' म्हणायला लागली तर थांबतील कुठं?

हे सांगायचं कारण म्हणजे माझा लॅपटॉप. गेल्या मे महिन्यात मला त्याची प्रकृती समजून घ्यावी लागली, आणि यंत्रालाही गावचं पाणी लागतं अशी माझी खात्री झाली.

हा लॅपटॉप मुंबईहून माझ्याबरोबरच निवृत्त झाला. विंडोज त्याला पेलवेना, म्हणून शेजारच्या घरातल्या मुलानं त्यावर लिनक्स चढवून दिलं. हा मुलगा पुण्याला संगणकात असतो, आणि गणपती, शिमगा व आंबे या तीन निमित्तांनी गावात असतो. लिनक्स म्हणजे १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलेला आणि पुढं जगभरच्या लोकांनी हात लावून वाढवलेला प्रकार. रापणीसारखाच, दोर ओढायला येईल तो आपला. फरक इतकाच की इथं वाटणीला मासे नसतात.

लॅपटॉपवर माझं काम एकच. माझी आते पंच्याऐंशी वर्षांची आहे आणि तिच्या पोटात अख्खं गाव आहे. जात्यावरच्या ओव्या, वाऱ्यांची नावं, माशांची नावं, कुठल्या माडाखाली कोण कुणाशी भांडलं आणि तो माड पुढं कुणाच्या वाटणीला गेला, हे सगळं. तिच्या तोंडचे निम्मे शब्द माझ्या तोंडात नाहीत, आणि माझ्या तोंडचे निम्मे माझ्या मुलीच्या तोंडात नाहीत. या हिशेबानं दोन पिढ्यांनी काय उरेल ते सांगायला गणिती लागत नाही. म्हणून मी तिच्या गजाली ध्वनिमुद्रित करतो. मोबाईलवर का करत नाही, असं विचारणारे भेटतात. त्यांना सांगतो, मोबाईलवर मध्येच मुंबईचा फोन येतो आणि आते मला सोडून त्याच्याशी बोलत बसते.

तर मे महिना, दुपारचे चार, आणि आते सांगत होती, '...आणि मगे ती होडी खाडयेत शिरली, तर होडयेत कोण नाय!' एवढ्यात लॅपटॉपचा पंखा करवतीसारखा वाजला आणि पडदा काळा झाला. पंधरा मिनिटांनी यंत्र पुन्हा सुरू झालं, पण आते काही सुरू होईना. 'सांगलंय मां एकदा,' म्हणून ती पेज उतरवायला उठून गेली. मुद्रणातलं पुष्कळसं नंतर सापडलं, पण शेवटचं वाक्य गेलं ते गेलंच. गजालीत शेवटच्या वाक्यासाठीच तर बाकीची असतात! त्या आठवड्यात हे तीनदा घडलं. होडीतली माणसं कुठं गेली ते मला आजही ठाऊक नाही.

शेजारचा मुलगा आंब्यांसाठी आलेलाच होता. त्यानं यंत्राच्या पाठीला हात लावला आणि डॉक्टरच्या थाटात म्हणाला, 'काका, ह्याचो ताप बघूक होयो.'

इथं मला पहिल्यांदा कळलं की यंत्राला ताप मोजायची सोय आत आधीच असते, फक्त विचारणारा लागतो. पारा-बिरा काही नसतो. सिलिकनच्या डायोडमधून ठरावीक वीज सोडली तर त्याच्या दोन टोकांतला व्होल्टेजचा फरक तापेल तसा उतरत जातो, अंशाला साधारण दोन मिलिव्होल्टनं. तो उतार मोजला की ताप समजला. इंटेलच्या प्रोसेसरांची तऱ्हा तर आणखी मजेची. ते आपला ताप सांगतच नाहीत. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढंच ते कळवतात आणि वजाबाकी लिनक्सनं करायची. 'वय काय?' म्हणून विचारल्यावर 'शंभराला पंधरा कमी' असं सांगणाऱ्या म्हाताऱ्यासारखंच हे. शिवाय आतल्या फायलीत हा आकडा अंशांत नसतोच, अंशाच्या हजाराव्या भागात असतो. पंचेचाळीस अंश असले की तिथं ४५००० लिहिलेलं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा यंत्रापासून जरा दूर सरकून बसलो.

या आकड्यांना माणसांत आणण्याचं काम 'एलएम-सेन्सर्स' नावाचा प्रोग्राम करतो. तो बसवायला एक ओळ पुरते. मग 'सेन्सर्स-डिटेक्ट' अशी आज्ञा द्यायची, की तो यंत्रात कुठं कुठं सेन्सर आहेत ते हुडकत निघतो आणि प्रत्येक दारात थांबून आपली परवानगी मागतो. पहिल्या दाराशी म्हणतो, प्रोसेसरात पाहू का? हे पूर्ण सुरक्षित आहे. आपण हो म्हणतो. पुढच्या दाराशी म्हणतो, अमुक चिपेत पाहू का? हे सहसा सुरक्षित असतं. आपण जरा घुटमळून हो म्हणतो. सगळ्यात शेवटी म्हणतो, आता सर्वांत जोखमीचा भाग; बहुतेकांकडे नीट चालतं, पण काही ठिकाणी घोटाळे झाल्याचं कानावर आहे. पाहू का?

मी त्या मुलाकडे पाहिलं. पावसाळ्याच्या तोंडाला होडीवाल्याला 'पाणी कसां आसा?' म्हणून विचारावं आणि त्यानं ऐन खाडीच्या मध्यावर पोचल्यावर 'सहसा बरां असता' म्हणावं, तसं मला झालं होतं. मुलगा म्हणाला, 'ह्येच्यामागे इतिहास आसा.' आणि खरंच होता. २००० सालाच्या आसपास अशाच चाचपणीत आयबीएमच्या काही थिंकपॅड लॅपटॉपांमधल्या एका छोट्या चिपेतला मजकूर बिघडला, आणि ते लॅपटॉप सुरूच होईनात. तेव्हापासून हा प्रोग्राम लिहिणारी मंडळी जपून बोलतात. मला ते आवडलं. 'सहसा' हा शब्द छापून ग्राहकाच्या हातात ठेवणारे लोक मी आयुष्यात फार पाहिलेले नाहीत.

प्रश्नापुढं 'येस' आणि 'नो' असे दोन्ही पर्याय असतात. त्यातला जो मोठ्या अक्षरांत, तो नुसतं एंटर दाबलं की लागू होतो. सगळीकडे 'येस' मोठं होतं, म्हणून मी एंटर दाबत गेलो. शेवटी तो विचारतो, जे सापडलं ते कायमचं नोंदवून ठेवू का? इथं मात्र 'नो' मोठं! मुलगा शेजारी होता, म्हणून तिथं 'येस' टंकून घेतलं. लग्नाच्या याद्या करताना सगळ्याला हो हो म्हणायचं आणि सही करायच्या वेळी 'घरी विचारून सांगतो' म्हणायचं, ही रीत या प्रोग्रामाला कुणी शिकवली असेल?

मग नुसतं 'सेन्सर्स' म्हटलं आणि यंत्रानं आपली कुंडली पुढं टाकली. प्रोसेसरच्या आकड्यांवर लिहिलेलं, 'आयएसए अ‍ॅडॅप्टर'. हे आयएसए म्हणजे १९८१ साली आयबीएमच्या पहिल्या पीसीबरोबर आलेली जोडणी. माझ्या लॅपटॉपात तसली खाच औषधालाही नाही, पण पत्त्यात नाव चालूच आहे. मला याचं नवल वाटलं नाही. आमचा सिंधुदुर्ग जिल्हाही १९८१ सालचाच, १ मेचा, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आम्हांला येणाऱ्या पत्रांवर 'जिल्हा रत्नागिरी' असंच असायचं. पत्र पोचायचं.

खाली लिहिलं होतं: कोअर शून्य, ९१ अंश. कंसात हाय ८७, क्रिटिकल १०५.

ही बातमी वाडीत पसरली. संध्याकाळी पलीकडच्या घरची काकी बघायला आली. येताना तिनं दोन लिंबं आणली होती.

'कितको आसा?'

'एक्याण्णव.'

काकीचा चेहरा उजळला. 'मगे ताप खय आसा? अठ्ठ्याण्णवाच्या खाली आसा. ह्यो अशक्तपणा!'

हे सेल्सिअस, आपल्या तापाचं ते फॅरनहाइट, असं मी सांगून पाहिलं. सेल्सिअस हा स्वीडनचा गृहस्थ, त्यानं १७४२ साली माप काढलं तेव्हा पाणी उकळण्याला शून्य आणि गोठण्याला शंभर धरलं होतं, आणि ते पुढं लोकांनी उलटं केलं, हेही सांगितलं. काकीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'बघ! तेकाच गावलां नाय, तर तुका काय गावतला?' लिंबं ठेवून गेली.

आतेचं माप यांहून वेगळं. ती उलटा तळवा यंत्राला लावते. तिच्या पट्टीवर तीनच खुणा आहेत: न्हाणाचं पाणी, पेज आणि चहा. त्या दिवशी तिनं हात लावला आणि म्हणाली, 'न्हाणाच्या पाण्याएवढो. बरो आसा.' आणि ती चुकत नव्हती. वरचं प्लॅस्टिक तेवढंच तापलं होतं. आतला दाणा एक्याण्णवावर आणि कातडं चाळिशीच्या घरात. हाताला कळतं ते कातड्याचं, आतलं ज्याचं त्यालाच ठाऊक. ही गोष्ट मी तेव्हा मनात टिपून ठेवली. तिचा उपयोग पुढं होणार आहे हे काही माहीत नव्हतं.

आता ताप कळला, पण उतरवायचा कसा? पंख्याला हुकूम देणारीही एक आज्ञा आहे, 'पीडब्ल्यूएमकॉन्फिग' नावाची. ती चालवली तर तिनं कळवलं की हुकूम ऐकेल असा पंखा इथं नाही. पुष्कळ लॅपटॉपांत पंख्याचा कारभार एका वेगळ्या छोट्या चिपेकडे असतो आणि ती बाहेरच्यांना दाद देत नाही. म्हणजे बघायला सगळं मिळणार, करायला काही नाही. ग्रामसभेची सवय असल्यानं मला वाईट वाटलं नाही.

मग मुलानं मागचं झाकण उघडलं. पंखा आणि तांब्याची पातळ पातळ पाती यांच्यामध्ये एक छोटी गोधडी तयार झाली होती. तळाशिलाकडून येणारी बारीक वाळू, आतेच्या लुगड्याचा कापूस, चुलीची राख आणि खारी हवा असं तिचं पोत होतं. रंगाच्या ब्रशनं ती काढली. प्रोसेसर आणि तांबं यांच्यामध्ये लावायचा लेप वाळून खपली झाला होता. तो कणकवलीहून आणून नवा लावला. दंतमंजनाच्या ट्यूबसारखा दिसतो आणि किंमत विचारली तर दात आंबतात. शेवटचा उपाय घरचा होता. दोन करट्या पालथ्या घालून त्यांवर लॅपटॉप ठेवला, म्हणजे पोटाखालून वारा खेळतो. त्याच मे महिन्यात, त्याच चार वाजता, तेच काम करताना आकडा चौऱ्याहत्तर आला. यांत लेपाचं श्रेय किती आणि करट्यांचं किती यावर मुलाचं आणि आतेचं एकमत झालेलं नाही.

मी आता त्या आकड्यांच्या नादी लागलो. 'वॉच सेन्सर्स' म्हटलं की दर दोन सेकंदांनी ताजे आकडे येतात. समुद्राकडे पाहत बसावं तसा मी त्यांच्याकडे पाहत बसे, भरती, सुकती. एक फाईल असते, तिच्यात सेन्सरांना आपल्या पसंतीची नावं देता येतात. मी कोअर शून्यचं नाव 'चूल' ठेवलं आणि कोअर एकचं 'वैल', रोमन अक्षरांत. आतेला वाचून दाखवल्यावर तिनं पहिल्यांदाच त्या यंत्राकडे आपलं माणूस म्हणून पाहिलं. 'वैलार कमी असतलोच,' ती म्हणाली. होताही. दोन अंश कमी.

पण या यादीत एक आकडा होता तो मला छळू लागला. 'एसीपीआय' नावाखालचा, २७.८ अंश. सकाळी २७.८. भर दुपारी, मी बनियन पिळून घेत असताना, २७.८. चूल नव्वदीला गेलेली त्या जुन्या दिवसांतही २७.८. मी मुलाला पुण्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, हे पुष्कळ यंत्रांत असतं. बनवणाऱ्यानं तिथं एक बरासा आकडा लिहून ठेवलेला असतो, त्याच्यामागे सेन्सरच नसतो. कुणी विचारलं तर काहीतरी उत्तर हवं म्हणून. त्यापेक्षा आमचं वायफायचं कार्ड प्रामाणिक. ते बंद असलं की सरळ 'एन/ए' लिहितं, म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

त्याच फाईलमध्ये 'इग्नोर' अशी ओळ लिहिता येते. लिहिली की तो आकडा दिसायचा बंद. मी सत्तावीस पॉइंट आठला इग्नोर करून टाकलं, आणि मला फार बरं वाटलं.

त्यानंतरच्या गुरुवारी संध्याकाळी आम्ही मुद्रणाला बसलो. आते मासे वाळवण्याबद्दल सांगत होती. चूल अठ्ठावन्न, वैल सत्तावन्न, पंखा शांत. सगळं छान. पण ती वाक्यांच्या मध्ये थांबत होती, आणि वाक्याच्या मध्ये थांबणं हा तिचा स्वभाव नव्हे. मी विचारलं, 'आते, बरां वाटता मां?'

'बरां आसा,' ती म्हणाली.

काल विचारलं होतं तेव्हा 'बरां आसा'. गेल्या वर्षी ती न्हाणीत पडली होती, मनगट सुजून टम्म झालं होतं, तेव्हाही 'बरां आसा'. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, माड आडवे झाले, दिवसचे दिवस वीज नव्हती. कसाबसा फोन लागला तेव्हा मुंबईहून मी विचारलं होतं आणि तिकडून उत्तर आलं होतं, 'बरां आसा, तू जेवलंस मां?'

मी उठलो आणि कपाळाला हात लावला. न्हाणाचं पाणी, त्यापेक्षा जास्त नाही. तरी कपाटातून थर्मामीटर काढला. तिनं तोंड फिरवलं. मी म्हटलं, 'त्या डब्याचा बघतंय, मगे तुझा कित्याक नको?' या युक्तिवादापुढं तिला बोलता आलं नाही. किंवा बोलायला तोंड मोकळं नव्हतं.

एकशेदोन पॉइंट चार. हे आपलं, फॅरनहाइट.

त्याच रात्री रिक्षानं आचऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली, खोल श्वास घ्यायला सांगितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, 'किती दिवस आहे हे?' मी काय सांगणार? नोंद कुठं होती! यंत्राचा दर दोन सेकंदांचा हिशेब माझ्यापाशी होता. डॉक्टर म्हणाले, छातीत कफ साठलाय, आणखी दोन दिवस काढले असते तर मालवणला अ‍ॅडमिट करावं लागलं असतं. गोळ्या, काढा आणि बोलणं बंद. हे शेवटचं औषध तिला सर्वांत कडू लागलं.

पाचव्या दिवशी ताप उतरला. काकी दोन लिंबं घेऊन आली. मी तिला आकडा सांगितला आणि या वेळी तो अठ्ठ्याण्णवाच्या वरचा असल्यामुळे तिनं तो मान्य केला. गाव भेटून गेलं. प्रत्येकानं दारातून विचारलं, 'कशी आसंस?' आणि प्रत्येकाला आतून उत्तर मिळालं, 'बरां आसा.' त्या पाच दिवसांत मी त्या उत्तराला इग्नोर करून सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावत होतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहीत होतो. दूध किती घेतलं ते लिहायच्या चौकोनात. आता महिन्याच्या शेवटी दुधाचा हिशेब करताना आमचा दूधवाला एकशे दोन लिटरचे पैसे मागतो की काय, ही भीती आहे.

पुढच्या आठवड्यात तिनं आपण होऊन हाक मारली. पडवीत पाट मांडला होता, पाटावर दोन करट्या पालथ्या, आणि ती भिंतीला टेकून बसलेली.

'हाड तो तुझो डबो.'

मी लॅपटॉप आणला, करट्यांवर ठेवला, सुरू केला. आते पुढं वाकून पडद्याकडे पाहू लागली. तिला अक्षर येत नाही, पण आकडे येतात.

'चूल कितक्यार आसा?'

'बावन्न.'

'आणि वैल?'

'पन्नास.'

'आणि माझो?'

मी कॅलेंडर बघून सांगितलं, 'सकाळी अठ्ठ्याण्णव पॉइंट दोन.'

'मगे ऐक,' ती म्हणाली, 'त्या होडयेतली माणसा खय गेली ता तुका सांगूक नाय. आज न्हय पण. आज तुझ्या आजयेच्या लग्नाचा सांगतंय. लांब आसा. अर्ध्यार बंद पडलो तर परत नाय सांगूचंय.'

पंखा हळूच फिरायला लागला. मी मुद्रण सुरू केलं.